आत्या आणि मधला कॉम्प्युटर

अठ्ठ्याहत्तरपासून चौऱ्याण्णवपर्यंतच्या सालांत परभणी जिल्ह्यात रागावण्यासारखं जे जे म्हणून घडलं, त्या प्रत्येकावर माझी आत्या एकदा तरी रागावलेली आहे; आणि ज्यात रागावण्यासारखं काहीच नव्हतं, त्यावर दोनदा. ती सरकारी नर्स होती. सेलू-जिंतूरच्या पट्ट्यातल्या उपकेंद्रांत तिची निम्मी हयात गेली, आणि त्या भागातली निदान एक पिढी तिचा आरडाओरडा ऐकतच जन्माला आली. बाळ रडलं की ती त्याच्यावर रागवायची, नाही रडलं तर जास्त रागवायची, आणि बाळाच्या बापावर तर ती आधीपासूनच रागावलेली असायची. पण हे सगळे चिल्लर राग. ठेवणीतला राग तिनं राखून ठेवला होता तो मधल्यासाठी. मधला म्हणजे दोघांच्या मध्ये उभा राहून इकडचं तिकडं सांगणारा. निरोप्या, दलाल, सोयरीक जुळवणारा, चौकशीच्या खिडकीतला बाबू, 'साहेब आता भेटणार नाहीत' असं साहेबाच्या वतीनं सांगणारा शिपाई, हे सगळे तिच्या लेखी एकाच माळेचे मणी. "तोंड एकाचं, बोलणं दुसऱ्याचं, अन् चूक झाली की ती दोघांचीबी न्हाई," असं ती म्हणायची.

त्यामुळं आत्यानं आयुष्यात कुणाच्या हाती निरोप म्हणून धाडला नाही. जिंतूरला तिच्या एका मैत्रिणीच्या नातवाचं बारसं होतं. आत्याला उपकेंद्रावर दुपारी लसीकरण होतं, तेव्हा बारशाला जाणं जमणार नव्हतं. तर जमणार नाही हे सांगायला ती सकाळच्या एसटीनं स्वतः जिंतूरला गेली. दारात मांडव घातलेला, पाळण्याला झिरमिळ्या लावलेल्या. आत्यानं उंबऱ्यातच सांगितलं, "मी काही येणार न्हाई, एवढंच सांगायला आले." मैत्रिणीनं तिला आत ओढलं, पाळण्यापाशी बसवलं, बाळ तिच्या मांडीवर दिलं, घुगऱ्या खाऊ घातल्या. आत्यानं बाळाचं वजन कमी आहे म्हणून सगळ्या घराला झाडलं, दोन पाळणे म्हटले, आणि निघताना पुन्हा बजावलं, "माझी वाट बघत बसू नका. मला जमायचं न्हाई." दुपारच्या लसीकरणाला ती वेळेवर हजर होती.

एसटीतही ती कंडक्टरला काही विचारत नसे. "गाडी कोण चालवायलाय, त्यो का तू?" एवढा एकच प्रश्न ती त्याला करी आणि पुढं जाऊन ड्रायव्हरच्या पाठीशी उभी राही. एकदा देवगाव फाट्यावर कंडक्टर म्हणाला, गाडी वालूरला जाणार नाही. आत्या खाली उतरून ड्रायव्हरच्या खिडकीखाली गेली. ड्रायव्हर म्हणाला, कंडक्टरला विचारा. "म्हंजी आपुण कुठं निघालाव हे तुमाला ठावं न्हाई?" आत्यानं विचारलं. गाडीत तट पडले. वालूरचे उतारू आत्याच्या बाजूचे, बाकीचे कंडक्टरच्या. ड्रायव्हर बिचारा खाली उतरून विडी ओढत बसला. शेवटी ती गाडी वालूरला गेली. ती मुळात जायची होती की नव्हती, हे त्या गाडीतल्या कुणालाच कधी कळलं नाही.

माझ्या लग्नाचंही तिनं असंच केलं. सोयरीक जुळवणारे गुरुजी आमच्याकडं मुलीची आणि मुलीकडं माझी अशी दोन्हीकडं सारखीच तारीफ करत होते. आत्यानं चहा संपेपर्यंत ऐकून घेतलं आणि थेट मुलीचं घर गाठलं. "पोरी, तुला हे स्थळ पसंत हाय का?" मुलगी म्हणाली, मी अजून मुलाला बघितलंच नाही. आत्या परत आली, मला कचेरीच्या कपड्यांतच मनगटाला धरून घेऊन गेली आणि मुलीच्या अंगणात उभं केलं. "बघ. हे असं हाय. आता सांग." माझी बायको अजून म्हणते की तिनं हो म्हटलं ते माझी कीव येऊन. आणि चौऱ्याण्णव साली मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव दिल्याची बातमी रेडिओवर आली तेव्हा सगळी वस्ती गुलाल उधळत होती आणि आत्या घरात पिशवी भरत होती. "रेडिओ काय, त्योबी मधलाच. पाटी बघून येते, मग नाचू." ती औरंगाबादला जाऊन पाटी बघून आली. म्हणाली, "लावलंय नाव. जुनं तसंच ठिवून त्याला जोडलंय, पर लावलंय." त्या जोडण्यावर ती चांगली घटकाभर रागावली आणि मग नाचली. तोवर बाकीच्यांचं नाचून झालं होतं, म्हणून एकटीच.

हे खूळ तिला कधी लागलं यावर आमच्या घरात दोन मतं होती. माझे वडील, म्हणजे तिचा थोरला भाऊ, म्हणत, ती उपजतच तशी. आई म्हणायची, अठ्ठ्याहत्तरपासून. मला आईचं खरं वाटतं. त्या साली विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि मराठवाड्यात गावोगाव आमच्या माणसांची घरं पेटली. आमच्या गावच्या खालच्या अंगाला आमची वस्ती होती, तीही जळाली. आत्या तेव्हा लांबच्या एका उपकेंद्रावर होती. तिच्यापर्यंत बातमी आली ती लोकांच्या तोंडून. एकानं सांगितलं, तुमचा भाऊ गेला. दुसरा म्हणाला, काही झालं नाही, कडब्याची एक गंजी तेवढी पेटली. तिसरा गावात भला म्हणून ओळखला जाणारा माणूस होता; तो म्हणाला, तुमच्याच लोकांनी घरं पेटवून घेतली. गाड्या बंद होत्या. आत्या चालत निघाली आणि चालत पोचली. घरं नव्हती. भाऊ होता, शेजारच्या गावच्या शाळेच्या वऱ्हांड्यात, आम्हा सगळ्यांना घेऊन बसलेला. आई सांगते, आत्या आधी त्या तिघांवर रागावली, त्यांतला एकही खरं बोलला नाही म्हणून, आणि मग वऱ्हांड्याच्या खांबाला टेकून रडली. तिथून पुढं तिनं दुसऱ्याच्या तोंडचं ऐकणं सोडलं.

आम्ही पुढची काही वर्षं पाहुण्यांकडं विखुरलो. ब्याऐंशीच्या सुमारास ओढ्यापलीकडच्या गायरानात पुन्हा एकेक घर उभं राहिलं. त्या वस्तीला पंचशीलनगर असं नाव दिलं. नाव मोठं, घरं पत्र्याची, आणि पाणी नाही. हातपंप होता तो ओढ्याच्या अलीकडं, गावात. पावसाळ्यात ओढा भरला की तिकडं जाता येत नसे, आणि उन्हाळ्यात तिकडचं पाणी गावालाच पुरत नसे. मग बाया ओढ्याच्या वाळूत खड्डा उकरून वाटीवाटीनं घागर भरायच्या. माझी आईही त्यांत होती.

आता मधला कसा आला ते सांगतो. मी शिकून परभणीला एका कचेरीत लागलो होतो. त्र्याण्णवची गोष्ट. वाडी-वस्तीला पिण्याचं पाणी द्यायची एक योजना होती, आणि तिचा कॉम्प्युटर चालवणं हे माझं काम. जिल्ह्याचे सगळे नकाशे पुण्याच्या एका मोठ्या कॉम्प्युटरात होते. त्या नकाशावर प्रत्येक वस्तीला एक ठिपका आणि प्रत्येक हातपंपाला एक फुली. ठिपक्यापासून फुली लांब असली की त्या वस्तीला नवा पंप मंजूर. मी माझ्या पडद्यावर नकाशा मागायचा, बघायचा आणि साहेबांना सांगायचं, इतकं साधं. पण माझा कॉम्प्युटर पुण्याशी बोलत नसे. आतल्या खोलीत दुसरा एक कॉम्प्युटर होता, त्याला टेलिफोनची तार जोडलेली. तो पुण्याहून नकाशा आणायचा, त्याची प्रत आपल्यापाशी ठेवायचा आणि मला द्यायचा. टेलिफोन महाग, त्यात दर घटकेला तुटणारा, म्हणून ही सोय. आजची मुलं असल्या यंत्राला प्रॉक्सी म्हणतात. आम्ही त्याला नुसतं 'मधला' म्हणायचो.

पंचशीलनगरला नकाशावर ठिपकाच नव्हता. नकाशा जुना, वस्ती नंतरची. त्यामुळं आमची घरं गावातच धरलेली, आणि गावात पंप आहे, तेव्हा विषय संपला. मी रीतसर दुरुस्ती पाठवली, तहसिलीचा कागद जोडला. पुण्याहून फोन आला, ठिपका लावला. मी पडद्यावर नकाशा मागवला. ठिपका नव्हता. पुन्हा फोन केला. पुणं म्हणालं, लावलाय. आठवडे गेले. पुणं म्हणे लावलाय, पडदा म्हणे नाही. साहेब म्हणाले, "पडद्यावर जे दिसेल ते खरं. आणि हे बघा, तुमची स्वतःची वस्ती आहे ती. लोक काय म्हणतील?" लोक काय म्हणतील याची काळजी साहेबांना त्या ठिपक्यापुरतीच वाटायची. त्यांच्या सासुरवाडीला पंप बसला तेव्हा लोक काय म्हणाले, हे त्यांनी विचारल्याचं मला आठवत नाही.

त्या उन्हाळ्यात वस्तीत हगवणीची साथ आली आणि आमच्या शेजारचं एक लेकरू गेलं. आत्या रजा काढून तिथंच राहिली होती. तिसऱ्या दिवशी ती आमच्या कचेरीत आली. साथीचा सगळा राग तिच्या चेहऱ्यावर होता, पण आवाज खाली होता, आणि आत्याचा आवाज खाली असला की आम्ही घरची माणसं घाबरायचो. "मीठ-साखरेच्या पुड्या दिल्यात सरकारनं," ती म्हणाली. "कालवून पाजा म्हणतंय. कशात कालवू? त्या खड्ड्यातल्या पाण्यात?" मी तिला बसवलं आणि ठिपक्याची सगळी कैफियत सांगितली. पुणं, टेलिफोन, आतली खोली. आतल्या खोलीशी आलो आणि थांबलो, पण उशीर झाला होता.

"मधी कोण हाय?"

"कोणी नाही, आत्या. कॉम्प्युटरच आहे. आम्ही त्याला मधला म्हणतो."

आत्यानं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी व्यसन लागल्याचं कबूल केलं होतं. "शिकून सवरून तू मधल्याच्या हाताखाली राबायलास," ती म्हणाली. मग तिनं उलटतपासणी घेतली. त्याच्याकडं प्रत असते म्हणजे तो पुण्याला विचारतच नाही का? विचारतो, अधूनमधून. अधूनमधून म्हणजे कधी? प्रत जुनी झाली की. जुनी झाली हे कोण ठरवतं? तोच. आत्या उठली. "बास," ती म्हणाली, "मधल्यानं खाल्ला ठिपका."

मी तिची समजूत घालायचा प्रयत्न केला. यंत्र खोटं बोलत नाही, असंही मी म्हणालो; तेव्हा सगळेच तसं म्हणत. तिनं मग आपली दुसरी शंका मांडली, की ठिपका लहान, तार लांब, गोदावरी ओलांडताना वाटेत गळाला असेल. मी हसलो. ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी पिशवी भरून ती पुण्याला गेली.

पुणं तिनं कधी बघितलं नव्हतं. त्या कचेरीच्या दारात पहारेकऱ्यानं विचारलं, कुणाला भेटायचंय. ती म्हणाली, "ठिपक्याला." तिथं काय काय झालं ते तिच्या सांगण्यातून मला जेवढं कळलं तेवढं असं, की तीन माणसांनी तिला तीन टेबलांवर पाठवलं आणि तिघांनाही तिनं आपापला रक्तदाब तपासून घ्यायला सांगितलं. शेवटी एका तरुण मुलीनं तिला पडद्यासमोर बसवलं आणि नकाशा काढून दाखवला. ओढा, ओढ्याच्या अलीकडं गाव, पलीकडं ठिपका. आत्यानं काचेवर बोट ठेवून बघितलं. मग त्या मुलीला विचारलं, "हे परभणीला धाडता कसं तुमी?" मुलगी म्हणाली, आम्ही धाडत नाही मावशी, ते मागतात. "अन् त्यांनी मागितलंच न्हाई तर?" "तर राहतं इथंच."

परत आल्या आल्या, घरी न जाता, आत्या कचेरीत आली. "ठिपका हाय," ती साहेबांना म्हणाली. "मसुराएवढा हाय. मपल्या डोळ्यानं बघून आले."

साहेब कागदावरून मान वर न करता म्हणाले, "सिस्टर, तुम्ही बघून काय उपयोग? आमच्या कॉम्प्युटरला दिसला पाहिजे."

हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही. एक बाई, तीस वर्षं सरकारची नोकरी केलेली, रात्रंदिवस प्रवास करून, स्वतःच्या डोळ्यांनी बघून येते आणि सांगते; तिचं खरं धरायचं नाही. आणि आतल्या खोलीतला एक पत्र्याचा डबा, जो पुण्याला गेला नाही, वस्तीत गेला नाही, ज्याला पाणी लागत नाही, तो नाही म्हणतो, तर ते मात्र खरं. मेलेलं लेकरू त्याच्या नकाशावर नव्हतं, म्हणून ते मेलंच नव्हतं की काय? आत्याच्या रागावर आयुष्यभर हसणारा मी त्या दिवशी पहिल्यांदा तिच्यासारखा रागावलो. नोकरी नवी होती, म्हणून साहेबांना न भिडता मी आतल्या खोलीत गेलो.

पुण्याची ती मुलगी बोलून गेली होती त्यात खरी मेख होती. मधला मागत नव्हता. का मागत नव्हता, एवढंच शोधायचं होतं. मी टेलिफोनची तार काढून पुन्हा बसवली. ती ठीक होती. मधला बंद करून चालू केला. तो चालू झाला, आणि त्यानं तोच ठिपका नसलेला नकाशा दिला. माझा कॉम्प्युटर सरळ तारेला जोडावा, मधला वगळावा, तर साहेबांची परवानगी नव्हती. जुनी प्रत पुसून टाकावी, तर तिच्यात सगळ्या जिल्ह्याचे नकाशे. ती गेली आणि तार तुटली तर काय, म्हणून तीही परवानगी नव्हती. म्हणजे मधल्यानं चूक केली तरी त्याला हात लावायचा नाही, आणि त्याच्याशिवाय पुढंही जायचं नाही. हे नियम वाचले तेव्हा आत्याचं तत्त्वज्ञान मला एकदम पटलं.

दुपारी मी डोकं धरून बसलेलो असताना आत्या आत आली. त्या खोलीत चपला काढून यावं लागे, ते तिला आवडलं. म्हणाली, ऑपरेशनच्या खोलीसारखं हाय. मग तिनं मधल्याला बघितलं. इतक्या दिवसांच्या भांडणानंतर शत्रू समोर आला होता, आणि मला वाटलं आता ही त्याला लाथ घालणार. पण तो तिला बहुधा आजारी दिसला. तिनं त्याच्या कुशीवर हात ठेवला. "अंग तापलंय." मागं वाकून बघितलं. "नाक चोंदलंय." पंख्याच्या जाळीत धूळ होती खरी. तिनं पदरानं ती पुसली. "आवाज घरघर यायलाय. कवापासून असं हाय?" मी म्हणालो, आत्या, तो माणूस नाही. ती म्हणाली, "त्ये मला दिसायलाय. शुद्धीवर हाय का बघ. आज तारीख काय, इचार त्याला."

तापाच्या माणसाला ती नेहमी हेच विचारायची. आज वार कोणता, तारीख काय. भ्रम झाला असेल तर कळतो. मी तिच्या समाधानासाठी म्हणून तारीख विचारायचा हुकूम टाइप केला आणि बटण दाबलं.

मधल्यानं उत्तर दिलं, एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी.

मी दुसऱ्यांदा विचारलं. तेच. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. त्याच्या पोटात एक बारीक बॅटरी असते, लाईट गेली तरी घड्याळ चालू ठेवणारी. ती मेली होती. लाईट गेली की त्याचं घड्याळ ऐंशी सालच्या पहिल्या तारखेला जाऊन बसायचं, आणि परभणीत लाईट रोज जायची. सकाळी चालू होताना तो बिचारा तारीख विचारायचा, पण जो कोणी चालू करी तो न वाचता बटण दाबून पुढं जाई. त्याला नियम घालून दिला होता, की प्रत महिन्याहून जुनी झाली तर पुण्याला नवी मागायची. ती प्रत त्यानं घेतली होती ब्याण्णव सालात, शुद्धीवर असताना. आता ऐंशी सालात बसून त्याला ती बारा वर्षं पुढची दिसत होती. जी प्रत अजून यायचीच आहे ती जुनी कशी होणार? म्हणून तो मागत नव्हता. तो खोटं बोलत नव्हता, आणि खरंही बोलत नव्हता.

मी हे सगळं आत्याला समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं. मला वाटलं आता जो भडका उडेल तो कचेरीभर ऐकू जाईल. तिनं फक्त विचारलं, "ऐंशीत हाय म्हंतोस हे?"

"हो."

"मंग त्याला आपली वस्ती कशी दिसंल?" ती म्हणाली. "ऐंशीत आपल्याला घर कुठं व्हतं."

मी आजची तारीख टाइप केली. मग नकाशा मागितला. मधल्यानं आपली प्रत बघितली, ती जुनी असल्याचं त्याला त्या क्षणी कळलं असावं, कारण टेलिफोनच्या डब्यातून शिट्ट्या ऐकू आल्या. तो पुण्याला मागत होता. पडद्यावर नकाशा वरून खाली एकेक रेघ उमटत येऊ लागला, चुलीवर भाकरी फुगायला लागावा इतका वेळ लावत. सीमा आली, रस्ता आला, ओढा आला. ओढ्याच्या अलीकडं गाव आलं. पलीकडं ठिपका आला. आत्यानं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. "ह्योच," ती म्हणाली.

साहेब आत आले. पडद्याकडं बघून म्हणाले, "मला वाटलंच होतं, तारखेचा काही तरी घोळ असणार." आत्या त्यांच्याकडं वळली आणि आपल्या दवाखान्यातल्या आवाजात म्हणाली, "साहेब, आज तारीख काय?" साहेबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. ते मागच्याच महिन्यावर होतं.

नवी बॅटरी यायला मुंबईपर्यंत पत्रव्यवहार झाला. तोवर रोज सकाळी मी मधल्याला तारीख सांगायचो, आणि आत्या परभणीला आली की डोकावून विचारायची, "त्याची गोळी दिली का आज?" त्याच्याविषयीचा तिचा राग गेला होता. आजाऱ्यावर ती कधी रागावत नसे, आजाऱ्याच्या नातेवाइकांवर रागवायची, म्हणजे आमच्यावर. पंप मात्र मंजूर झाला. बोअरची गाडी वस्तीत आली, खडक लागला, पाणी लागलं. साहेबांनी नारळ फोडला आणि भाषणात कॉम्प्युटरच्या युगाबद्दल पुष्कळ सांगितलं. आत्या त्या दिवशी आलीच नाही. दुसऱ्या गावात एक अवघडलेली बाई होती. येणार नाही हे सांगायला मात्र ती आदल्या दिवशी येऊन गेली, आणि आलीच होती म्हणून पंपाचा दांडा हलवून, कुरकुरतो म्हणून मेकॅनिकला झापून गेली.

पुढं ती निवृत्त झाली आणि काही दिवस आमच्याकडं परभणीला राहायला आली. मी कचेरीतल्या प्रिंटरवर त्या भागाचा नकाशा छापून घेतला होता, खळीनं तुकडे चिकटवून. एका रविवारी दुपारी तो जमिनीवर पसरून तिला दाखवला. सुरुवातीला ती रागावलीच. ठिपका बारीक आहे, पंचशीलनगर लिहिताना 'श'च्या जागी 'स' पडलाय, आणि रामराव्याच्या वाडीकडचा तांडा कुठं आहे, तिथं माणसं राहत नाहीत का? मी म्हणालो, दुरुस्ती पाठवतो. मग कागदापाशी मांडी घालून, वाकून, ती बोटानं एका वस्तीवरून दुसऱ्या वस्तीवर चालू लागली.

"इथं जुळी झाली व्हती," ती म्हणाली. "थोरली आता मास्तरीण हाय." बोट पुढं सरकलं. "इथं पाण्यात अडकले व्हते, भर पावसात. बैलगाडीतच झालं पोरगं." देवगाव फाट्यापाशी ती थांबली. "इथं एसटीत. कंडक्टरनं आपला सदरा काढून दिला गुंडाळायला. भला माणूस." मी तिच्या तोंडून कंडक्टरविषयी बरा शब्द पहिल्यांदाच ऐकत होतो. तिचा आवाज हळूहळू उतरत गेला. कुठल्या घरात दिवा नव्हता, कुठल्या बाईनं तिला नंतर चोळीचा खण दिला, कुठलं बाळ हातातच राहिलं, ती सांगत होती आणि बोट चालत होतं. ती माझ्याशी बोलत नव्हती. माझी बायको चहा घेऊन आली होती ती कपबश्या हातात तशीच धरून दारात उभी राहिली.

बोट ओढ्यापाशी आलं. पंचशीलनगरच्या ठिपक्यावर ते थांबेल असं मला वाटलं, पण ते ओढा ओलांडून अलीकडं आलं, गावाच्या खालच्या अंगाला, आमच्या जुन्या वस्तीच्या जागी उतरलं आणि तिथं थांबलं.

"इथं तू झालास," आत्या म्हणाली. "पहाटं. लय तरसवलंस तुझ्या मायला."

मी वाकून बघितलं. तिथं ठिपका नव्हता, फुली नव्हती, कागद नुसता कोरा होता. आत्यानं बोट उचललं नाही, आणि चहा निवत होता तरी आम्ही दोघांनीही तिला उठायला सांगितलं नाही.